लक्ष्मीबाई टिळक : एका श्रद्धावंत आजीचे स्मरण

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत भिलाई येथे दिलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील एक पुष्प गुंफण्यासाठी मंडळाने मला पाचारण केले, याबद्दल प्रथम आभार मानतो. मी साहित्याचा प्राध्यापक नाही. केंद्र सरकारच्या नोकरीत तीस वर्षे फायली वाचण्यात आणि त्यांवर टिपणे लिहिण्यात गेली. बी.ए.ला मराठी घेतले होते, तेवढीच काय ती शिदोरी. तेव्हा आज आपल्यापुढे पांडित्य मांडण्याचा अधिकार मला नाही. एका वाचकाचे मनोगत म्हणून माझे चार शब्द ऐकून घ्यावेत, ही विनंती.

'श्रद्धावंत आजीचे स्मरण' असा विषय समितीने ठरविला, तेव्हा मी लक्ष्मीबाई टिळकांचे नाव सुचविले. समितीतील एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी मला बाजूला घेऊन विचारले, "आपल्या मंडळात गणपती बसतो, आषाढीला भजन होते, रामनवमीला कीर्तन होते. आजी म्हणजे तुळशीला पाणी घालणारी. त्या जागी धर्मांतर केलेल्या बाई कशा काय?" प्रश्नात कडवटपणा नव्हता. आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात तो असेल आणि तो रास्तही आहे. त्याचे उत्तर देण्याचा प्रयत्न, हेच माझे आजचे भाषण समजावे.

उत्तराचा आरंभ आपल्या दारापासूनच करता येतो. सुट्टी संपवून नागपूरहून परतताना आपण गोंदिया सोडतो, सालेकशाजवळच्या डोंगरातून गाडी निघते, डोंगरगडची बमलेश्वरी दिसली की सगळे जण सामान आवरू लागतात, आणि राजनांदगावनंतर दुर्ग येते. हा लोहमार्ग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंगाल-नागपूर रेल्वेचा होता. १८९३ साली नारायण वामन टिळक हे तिशी ओलांडलेले एक मराठी कवी नोकरीनिमित्त राजनांदगावला निघाले. राजनांदगाव हे त्या काळी बैरागी महंतांच्या गादीचे संस्थान, आणि गादीवर राजा बलरामदास होते. त्या प्रवासात डब्यात एका युरोपीय गृहस्थाची गाठ पडली. बोलणे धर्माकडे वळले. उतरताना त्या गृहस्थाने टिळकांच्या हाती 'नवा करार' ठेवला आणि दोन वर्षांच्या आत आपण ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत केले. टिळक ते पुस्तक घेऊन राजनांदगावी उतरले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

आपल्या घरापासून तासाभराच्या अंतरावरील गावाशी मराठी साहित्यातील एवढी मोठी घटना निगडित आहे, हे आपल्या मुलांना ठाऊक नसते. राजनांदगाव म्हटले की त्यांना गजानन माधव मुक्तिबोध आठवतात. मुक्तिबोध मराठी घरातले, लिहिले हिंदीत. १९५८ पासून १९६४ पर्यंत ते तेथील दिग्विजय महाविद्यालयात शिकवीत होते. त्यांचे स्मरण होते हे योग्यच आहे. परंतु त्यांच्या साठ-पासष्ट वर्षे आधी तेथे काय घडले, याचीही एक नोंद असावी असे मला वाटते. असो.

टिळक हा माझ्या भाषणाचा विषय नाही. त्यांनी निर्णय घेतला, तो त्यांचा होता. प्रश्न आहे तो घरी असलेल्या पत्नीचा, जिला या निर्णयाची कल्पना नव्हती, जिच्या पदरात एक लहान मुलगा होता आणि जिचे सारे आयुष्य सोवळ्याओवळ्याच्या मुशीत घडलेले होते.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेरचे नाव मनकर्णिका, आडनाव गोखले. १८५७ च्या बंडाशी संबंध असल्याच्या संशयावरून इंग्रजांनी त्यांच्या आईच्या वडिलांना फाशी दिले. या आघाताने लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या मनावर विलक्षण परिणाम झाला आणि त्यांनी सोवळ्याचा आश्रय घेतला. आश्रय म्हणण्यापेक्षा ते एक वेडच होते. बाहेरून आलेले धान्य धुवावयाचे, वस्तू धुवावयाच्या, माणसांनी पुनःपुन्हा अंघोळी करावयाच्या. साऱ्या घराचे जीवन पाण्यात बुडालेले. ज्या माणसाने हे सारे मांडले, तो दुष्ट नव्हता, भ्यालेला होता. लक्ष्मीबाईंनी वृद्धपणी बापाचे हे चित्र काढले आहे, त्यात हसू पुष्कळ आहे आणि राग जवळजवळ नाही. आपल्या वडिलांविषयी असे लिहिणे किती अवघड असते, हे येथे बसलेल्या ज्येष्ठांना सांगावयास नको.

वयाच्या अकराव्या वर्षी लग्न झाले. शाळेचे तोंड पाहिलेले नव्हते; अक्षर ओळख झाली ती पतीमुळे. टिळकांचा स्वभाव असा, की आज येथे, उद्या तेथे. नोकरी धरली कधी आणि सोडली कधी, हे घरच्यांना मागाहून कळावयाचे. हाती आलेला पैसा ते वाटेत देऊन टाकीत. संसाराचा भार बाईंनी ओढला. पोटची मुले जाण्याचे दुःखही त्यांनी सोसले. नागपूर, राजनांदगाव अशी भटकंती झाली. आणि १८९५ मध्ये वार्ता आली, की पती ख्रिस्ती झाले.

आज धर्मांतर हा शब्द वृत्तपत्रांतून वाद घालण्याचा शब्द झाला आहे. त्या काळी एका ब्राह्मण घरात त्याचा अर्थ काय होता, हे ध्यानात घ्यावे लागेल. पती जिवंत असून पत्नी विधवेसारखी. नातलगांना भीती वाटत होती, की ही विहीर जवळ करील. म्हणून तिच्यावर पहारा. काही काळ बाई बहिणीच्या आश्रयाने पंढरपुरास राहिल्या. विठ्ठलाच्या नगरीत, विठ्ठलाच्या भक्तांच्या गर्दीत, एक बाई आपल्या नवऱ्याने देव बदलला म्हणून रडत होती.

येथे माझ्या नोकरीच्या सवयीमुळे एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. १८६६ च्या एका कायद्याने धर्मांतर केलेल्या हिंदू पतीला अशी मुभा दिली होती, की पत्नी धर्मांतराच्या कारणावरून नांदावयास येत नसेल तर न्यायालयात अर्ज करून विवाहबंधनातून मोकळे व्हावे. टिळकांनी तो मार्ग धरला नाही. ते वाट पाहत राहिले. पत्रे गेली, भेटी झाल्या, भांडणे झाली, मुलगा कोणाकडे राहावा यावरून ताणाताण झाली. सुमारे पाच वर्षे या अवस्थेत गेली. शेवटी लक्ष्मीबाई पतीकडे राहावयास गेल्या, त्या अहमदनगरकडे, अमेरिकन मराठी मिशनच्या परिसरात. गेल्या त्या हिंदू म्हणूनच.

यापुढचा भाग मला या चरित्रात सर्वांत मोलाचा वाटतो, म्हणून त्यावर थोडा अधिक वेळ घेतो.

त्या पतीजवळ राहिल्या, पण चूल वेगळी, पाणी वेगळे. कोणी शिवलेले पाणी प्यावयाचे नाही. ख्रिस्ती झालेला पती घरात आणि सोवळ्यातली पत्नीही घरात, अशी ती स्थिती. टिळकांनी सक्ती केली नाही. मिशनमधल्या मंडळींनीही घाई केली असती तर काय झाले असते, हे सांगता येत नाही. पण बाईंचा स्वभाव पाहता त्या परत निघून गेल्या असत्या, असे मला वाटते. मग त्यांनी स्वतःशी विचार सुरू केला. त्यांचा विचार ग्रंथातला नव्हता. देवाने माणूस केला. जात कोणी केली? देवाने जाती केल्या असत्या तर प्राण्यांप्रमाणे माणसांतही ते पाहताक्षणी ओळखू यावयास हवे होते. ते तसे ओळखू येत नाही. तेव्हा जाती माणसांनी केल्या असल्या पाहिजेत. आणि माणसांनी केलेली वस्तू माणसाला सोडता येते. अशा प्रकारच्या विचाराने त्यांनी एके दिवशी ठरविले, की यापुढे आपण कोणाच्याही हातचे खाऊ-पिऊ.

क्रम लक्षात घ्यावा. शिवाशिव आधी गेली. बाप्तिस्मा त्यानंतर झाला, १९०० साली. नवऱ्यामागून फरफटत जाऊन केलेले धर्मांतर ते नव्हते. स्वतःच्या पायांनी, अडखळत, मागे वळून पाहत, एकेक पाऊल टाकीत त्या तेथे पोहोचल्या. ज्या मुलीच्या बालपणी सारे घर पाण्याच्या शुद्धीने झपाटले होते, तिने मोठेपणी पाण्याचाच प्रश्न सोडविला आणि नंतर देवाचा.

मला वाटते, श्रद्धा म्हणून आपण जे म्हणतो ते बहुतेक वेळा आपल्या हाती आलेले असते; आपण ते मिळविलेले नसते. माझे स्वतःचे तसेच आहे. वडिलांनी देव्हारा दिला, मी तो बदलीच्या प्रत्येक गावी खोक्यात भरून नेला, सरकारी क्वार्टरच्या कोनाड्यात मांडला. यात काही वाईट नाही. पण लक्ष्मीबाईंजवळ जे होते, ते त्यांनी किंमत मोजून घेतले होते, आणि त्या किमतीचा हिशेब त्यांनी कोणाला मागितला नाही.

येथे माझ्या आजीची एक आठवण सांगण्याचा मोह आवरत नाही. वर्धा जिल्ह्यातल्या खेड्यात तिचे आयुष्य गेले. एकादशी, चातुर्मास, हरिपाठ, सोवळे. काही सुटलेले नव्हते. मी बी.ए.ला असताना सुट्टीत 'स्मृतिचित्रे' ग्रंथालयातून घरी आणले होते. तिची दृष्टी मंदावली होती. दुपारी वाती वळीत ती बसे आणि मी वाचून दाखवीत असे. बालपणीच्या सोवळ्याच्या गोष्टींना ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. त्या गोष्टी तिला परक्या नव्हत्याच. टिळक ख्रिस्ती झाले तो भाग आला, तशी ती काही न बोलता उठून गेली. मला वाटले, वाचन संपले. दुसऱ्या दिवशी दुपारी वातींचे ताट घेऊन तीच येऊन बसली आणि म्हणाली, "मग पुढे काय केलं तिनं?" संपूर्ण पुस्तक ऐकले. शेवटी तिने एकच विचारले, "तिच्या देवघरातले देव मग कोणाकडे गेले?" मला उत्तर देता आले नाही. आजीने सोवळे सोडले नाही, अखेरपर्यंत पाळले. परंतु त्यानंतर ती लक्ष्मीबाईंचा उल्लेख 'आपली जलालपूरची' असा करी, जशी एखादी दूरची जाऊबाई. वडीलधाऱ्यांच्या प्रश्नाला माझ्यापाशी असलेल्या उत्तरांपैकी हे एक आहे.

बाप्तिस्म्यानंतरचे आयुष्य सांगावयाचे तर तो दुष्काळाचा काळ होता. १८९९-१९०० चा दुष्काळ नगर भागात तसा आपल्या या छत्तीसगडातही भीषण होता. त्याच्या कथा येथल्या जुन्या लोकांनी आपल्या आजांकडून ऐकलेल्या असत. नगर, राहुरीकडे अनाथ मुले मिशनच्या आसऱ्याला आली. लक्ष्मीबाईंनी परकी मुले घरात घेतली. प्लेगच्या दिवसांत, ज्या घराकडे आप्त फिरकत नसत, तेथे त्यांनी आजाऱ्यांची शुश्रूषा केली. जलालपूरच्या घरात जी मुलगी कोणाला शिवू नये म्हणून जपली गेली, तिनेच त्या मुलांची अंगे पुसली. मला वाटते, एवढे सांगितल्यावर निराळे भाष्य करण्याची आवश्यकता नाही.

याच घरात त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजे आपले बालकवी, येऊन राहिले. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात त्या सतरा वर्षांच्या मुलाने श्रोत्यांना मोहविले, आणि पुढे टिळकांनी त्याला नगरला आपल्याकडे ठेवून घेतले. बालकवी ख्रिस्ती झाले नाहीत. त्यांना कोणी तसे सांगितल्याचेही दिसत नाही. त्या घरात एक हिंदू कवी मुलासारखा राहिला, जेवला, रुसला आणि लिहीत राहिला. मराठी कवितेचे हे ऋण कोणाच्या स्वयंपाकघराकडे जाते, याचा विचार अभ्यासकांनी करावा.

टिळक स्वतः तुकोबांच्या अभंगांचे भक्त. आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते मानीत. अभंग लिहावे, भजन करावे, टाळ घ्यावे, अशी त्यांची रीत. लक्ष्मीबाईंनीही तीच वाट धरली. मराठी ख्रिस्ती कवितेची परंपरा तशी जुनी आहे; फादर स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली गोव्यात छापले गेले, तेही ओवीतच. टिळकांनी 'ख्रिस्तायन' नावाचे ओवीबद्ध महाकाव्य आरंभिले आणि दहा-अकरा अध्यायांवर ते थांबले. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. ते काम पुढे लक्ष्मीबाईंनी हाती घेतले. ज्यांनी शाळा पाहिली नव्हती, त्या बाईंनी साठांहून अधिक अध्याय लिहून ते काव्य पूर्ण केले. ओवी हा छंद त्यांना कोणी शिकविला नव्हता. जात्यावर बसणाऱ्या प्रत्येक मराठी बाईला तो ठाऊक असे. ज्ञानदेवांनी तो उचलला, एकनाथांनी उचलला, आणि नाशिकच्या एका विधवेनेही. देव बदलला, छंद तोच राहिला. त्यांच्या भाषेतून पंढरपूर कधी गेलेच नाही, असे माझे मत आहे.

आता आजीपणाकडे येतो. टिळकांच्या मागे लक्ष्मीबाई मुलगा देवदत्त यांच्या कुटुंबासह कराचीस राहिल्या. कराची म्हटले की आज आपल्यापुढे परदेश उभा राहतो. परंतु सिंध प्रांत त्या काळी मुंबई इलाख्याचाच भाग होता. तो वेगळा झाला १ एप्रिल १९३६ रोजी. सरकारी कचेऱ्यांतून, बंदरात आणि शाळांत मराठी माणसे तेथे पुष्कळ होती. नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी शिक्षणाधिकाऱ्यांचे नाव कराचीतील एका जुन्या शाळेला आहे. नोकरीसाठी दूर गेलेली मराठी कुटुंबे, भोवती वेगळी भाषा, वेगळे हवामान, मुले रस्त्यावर सिंधी-उर्दू बोलणारी, आणि घरात एक आजी. हे चित्र आपणांस अनोळखी वाटू नये. १९५५ साली सोव्हिएत संघाशी करार झाला, १९५९ च्या फेब्रुवारीत भिलाईची पहिली ब्लास्ट फर्नेस पेटली, आणि नागपूर, भंडारा, वर्ध्याकडून आपले वडील-आजोबा येथे आले. सेक्टरमधल्या दोन खोल्यांच्या क्वार्टरात आजीला जागा नसे. ती उन्हाळ्यात यावयाची, लोणची घालून जावयाची. पुढे काही आज्या कायमच्या आल्या. त्या आल्या त्या घरांत मराठी टिकली, हे मी गेली काही वर्षे या मंडळात पाहतो आहे. बालवाचनाच्या स्पर्धेत कोणत्या मुलाच्या घरी आजी आहे, ते दोन वाक्यांत ओळखता येते. यावर कोणी संशोधन केले आहे काय, हे मला माहीत नाही. माझे निरीक्षण सांगितले.

याच आजीपणात, वयाच्या साठीनंतर, देवदत्तांच्या आग्रहावरून लक्ष्मीबाईंनी आठवणी लिहिल्या. 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून १९३६ पर्यंत चार भागांत प्रसिद्ध झाली. नातवंडांना गोष्ट सांगावी तसे ते लिहिणे आहे. छोटी वाक्ये, घरातली भाषा. आपण शहाणे होतो, असा आव एकाही पानावर नाही. धर्मप्रसार नाही. ज्या धर्मातून त्या बाहेर पडल्या त्याची निंदा नाही, ज्या नातलगांनी छळले त्यांचा उद्धार नाही. पतीचा विक्षिप्तपणा मात्र त्यांनी खुलवून सांगितला आहे, आणि इतका, की काही ठिकाणी वाचकाला टिळकांची बाजू घ्यावीशी वाटते. स्त्रीने पतीविषयी असे मोकळेपणाने लिहिणे त्या काळी दुर्मीळ होते. रमाबाई रानडे यांचे 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हे पुस्तक १९१० चे. त्यात पती हा देवाच्या आसनावर आहे. लक्ष्मीबाईंनी पतीला आसनावरून उतरविले, शेजारी बसविले, आणि त्यांच्यावरील माया तसूभरही कमी होऊ दिली नाही.

येथे आणखी एका आजीचे नाव घेतल्यावाचून पुढे जाववत नाही. खानदेशातील बहिणाबाई चौधरी, जन्म १८८०, निधन १९५१. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात आणि जात्यावर त्यांनी जी गाणी रचली, ती मुलगा सोपानदेव आणि एक आप्त यांनी उतरवून ठेवली, म्हणून १९५२ साली ती महाराष्ट्राला मिळाली. एक विठ्ठलाची, एक ख्रिस्ताची. दोघींच्या मागे एकेक मुलगा होता, ज्याला आपल्या आईचे शब्द वाया जाऊ नयेत असे वाटले. विनोबांचेही तसेच, गीता समजेल अशा मराठीत हवी, ही आईची इच्छा त्यांच्या मनात राहिली आणि ती गेल्यानंतर बारा वर्षांनी, १९३० मध्ये, ते 'गीताई' लिहावयास बसले. आपल्या साहित्यातली किती तरी पाने अशी आयांनी बोललेली आणि मुलांनी टिपलेली आहेत. आपल्या घरातल्या आजीचे बोलणे कोणी टिपून ठेवतो काय, हा प्रश्न मी येथे जमलेल्या तरुणांना विचारू इच्छितो. आता तर खिशातल्या फोनवर बोट ठेवले की आवाज साठतो.

'स्मृतिचित्रे'चे इंग्रजी भाषांतर जोसेफिन इंकस्टर यांनी केले, ते १९५० साली प्रसिद्ध झाले. शांता गोखले यांनी केलेले दुसरे २०१७ साली आले. विजया मेहता यांनी दूरदर्शनसाठी त्यावर चित्रपट केला, त्यातील सुहास जोशी यांची लक्ष्मीबाई ज्यांनी पाहिली ते विसरलेले नसतील. परंतु मला विशेष वाटते ती नातवाची गोष्ट. देवदत्तांचे चिरंजीव अशोक टिळक यांनी आजीच्या या पुस्तकाची टिपांसह नवी आवृत्ती सिद्ध केली, ती १९८९ मध्ये आली. आजी गेली तेव्हा ते दहा वर्षांच्या आतबाहेर असतील. आजीने ओघात सांगितलेली माणसे, गावे, तारखा शोधीत, जुळवीत ते बसले. आजीच्या स्मरणात तारखा कोठे मागेपुढे झाल्या असतील, तर त्या दुरुस्त करणे हेही प्रेमाचेच काम आहे, असे सरकारी नोंदी तपासण्यात आयुष्य घालविलेल्या माझ्यासारख्याला वाटते.

वडीलधाऱ्यांच्या प्रश्नाकडे पुन्हा येतो. आजी म्हणजे तुळशीला पाणी घालणारी, हे खरे. लक्ष्मीबाईंनी तुळशीला पाणी घालणे सोडले. पण तहानलेल्या पोराला पाणी देताना त्याची जात विचारावयाची नाही, हे त्या शिकल्या, आणि ते शिकण्यासाठी त्यांना बापाचे घर मनातून पाडावे लागले. माझी आजी तुळशीला पाणी घालीत राहिली आणि तरीही तिने 'जलालपूरची'ला आपली म्हटले. दोघींपैकी कोणाची श्रद्धा मोठी, हे ठरविण्यास मी असमर्थ आहे. मंडळाने दोघींसाठी जागा ठेवावी, एवढेच माझे म्हणणे आहे. आपल्या या गावात चर्चमध्ये जाणारी मराठी कुटुंबेही आहेत. गणेशोत्सवाच्या नाटकात त्यांची मुले कामे करतात, स्वयंपाकात त्यांच्या बायका राबतात. त्यांच्या घरची आजी आपल्या स्मरणिकेत असावी, असा विचार हे नाव सुचविताना माझ्या मनात होता, हे सांगून टाकतो.

२४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिक येथे लक्ष्मीबाईंचे निधन झाले. 'स्मृतिचित्रे'चा चौथा भाग त्या वर्षी त्यांच्या मागे प्रसिद्ध झाला. 'ख्रिस्तायन' छापून आले १९३८ साली. तेही त्यांना पाहावयास मिळाले नाही. त्यांच्या कवितांचा 'भरली घागर' हा संग्रह त्यानंतर आला.

मंडळाच्या ग्रंथालयात 'स्मृतिचित्रे'ची एक जुनी प्रत आहे. तिची शिवण सुटलेली होती, ती ग्रंथपाल भगिनींनी बांधून घेतली आहे. पुढच्या महिन्यापासून दर रविवारी दुपारी चार वाजता सभागृहाच्या मागच्या खोलीत तिचे वाचन करावे, असे कार्यकारिणीने मान्य केले आहे. वाचण्याचे काम प्रथम माझ्याकडे आहे; नंतर तरुणांपैकी कोणी पुढे यावे. ज्यांच्या घरी आजी आहेत त्यांनी त्यांना घेऊन यावे. खुर्च्यांऐवजी सतरंजी घालणार आहोत. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांसाठी चार खुर्च्या वेगळ्या ठेवल्या आहेत.